वाचन : शून्य

पिसाळ साहेबांची चीड मला अजून येते. इतकी वर्षं झाली, तो माणूस आता असेल नसेल, पण चीड मी जपून ठेवली आहे. काही माणसांनी आपलं वाईट केलेलं असतं, त्यांना विसरता येतं. पिसाळ साहेबांनी वाईट केलं आणि त्याचा तक्ता काढून भिंतीला लावला, ते विसरता येत नाही.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची. गावोगाव प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले होते. साताऱ्यातल्या एका संस्थेनं खंडाळ्यापासून माणपर्यंत आणि इकडे सांगली जिल्ह्यात आमच्या विट्यापर्यंत साठ वर्ग काढले. त्यातला एक माझा. मी सकाळच्या शाळेत शिकवत असे, दुपार मोकळी. जागा दिली इलाहीभाई मोमीन यांनी. त्यांचे चार माग होते. त्या वर्षी रोज दुपारी दोन तास वीज बंद असायची, माग थांबायचे आणि त्या वेळात शेडमध्ये आमचा वर्ग भरायचा. इलाहीभाई बाहेर चिंचेखाली बिडी ओढत बसत, आत त्यांची बायको सुगराबी पहिल्या रांगेत. कापसाचे तंतू हवेत तरंगत असायचे, दोन तासांत सगळ्यांच्या केसांवर पांढरा थर चढायचा. मनुबाई म्हणायची, "शिकून शिकून म्हातारं हुयाला लागलोय आमी."

मनुबाई साठीची. मिसरीचं बोट तोंडात. ते बोट काढून ती फरशीवर 'म' काढायची आणि मग पुन्हा तोंडात घालायची. बाकी तिशी-चाळिशीच्या सुना, आणि लग्नाच्या दोन पोरी. त्यातली विजयमाला तेवढी लक्षात राहिली, कारण पुढे तीच आमच्या वर्गाची शोभा ठरली. सगळ्या मिळून तेवीस.

आणि बनुबाई बाबर. तिच्यासाठीच हे लिहिते आहे.

बनुबाईचा नवरा अर्जुन कोइमतूरला गलाईच्या दुकानात होता. आमच्याकडची निम्मी घरं सोनं गाळायच्या कामावर अशी कुठे कुठे पांगलेली. बनुबाई आणि लहान पोर इथेच सासरी; तो दोन वर्षांनी एकदा यायचा, एरवी पत्रं. पत्र आलं की धाकटा दीर नानासो ओसरीवर बसून वाचायचा, सासू आणि बनुबाई ऐकायच्या. वाचून झालं की आढ्याला टांगलेल्या तारेत पत्र खुपसून ठेवायचा. घराचं सगळं टपाल त्या तारेला.

वर्गात पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला विचारलं, का शिकायचंय. कुणी म्हणाली बसची पाटी वाचायला, कुणी म्हणाली सरकार म्हणतंय म्हणून. बनुबाई मात्र वर्ग सुटल्यावर मागे थांबली.

"बाई, दोन्ही अंगानं लिवल्यालं पत्र असतंय. आन भावजी वाचत्यात चार वळी. खुशाल हाय, काळजी करू नगा, म्हातारीला जपा. एवढंच. मग बाकीचं काय असंल ओ?"

"घेऊन ये. मी वाचून दाखवते."

ती म्हणाली, "न्हाई बाई. तेनी मला लिव्हलंय. तुमी वाचल्यावर मी तुमच्या तोंडाकडं बघत बसणार. मला शिकवा."

पुढे मला पुष्कळ साहेबांनी पुष्कळ उद्दिष्टं सांगितली. त्यातलं एकही या एका वाक्याच्या जवळपास आलं नाही.

पिसाळ साहेब जानेवारीत त्या साताऱ्याच्या संस्थेत प्रमुख म्हणून आले. त्याआधी पुण्याकडच्या एका कारखान्यात होते आणि मुंबईला तीन आठवड्यांचा कसला तरी कोर्स करून आले होते. तीन आठवड्यांत माणूस किती बिघडू शकतो याचा तो नमुना. आम्हा सगळ्यांना साताऱ्याला बोलावलं. भिंतीवर मोठा फळा, त्यावर साठ टाचण्या : हिरव्या, पिवळ्या, तांबड्या.

"जे मोजता येत नाही, ते झालंच नाही असं समजायचं," साहेब म्हणाले. "यापुढे प्रत्येक केंद्राला टार्गेट. दहा महिन्यांत शंभर टक्के साक्षर. म्हणजे दर महिन्याला दहा टक्के."

माणकडचे लालासाहेब मास्तर शेजारी बसले होते. ते माझ्या कानाशी म्हणाले, "दहा टक्के म्हंजे बाईचं मुंडकं पयल्या महिन्यात साक्षर करायचं का पाय?"

मी हसले. साहेबांनी बघितलं. "हसण्यासारखं काही आहे का, बाई?"

मी नाही म्हटलं. तेव्हा मी भित्री होते.

गावात आल्यावर मी मूर्खपणा केला. वर्गात सहज सांगितलं की आपल्याला टार्गेट दिलंय. दुसऱ्या दिवशी तेवीसातल्या नऊजणी आल्या. मी मनुबाईच्या दारात गेले, तर तिनं मला उंबऱ्यावरच अडवलं.

"बाई, तुमी बी त्यातल्याच व्हय?"

"कशातली?"

"टार्गेटातल्या! दोन वर्सामागं नसबंदीची गाडी आली तवा ह्योच सबूद हुता. आमचा थोरला आठ दिस उसात बसल्याला. आता बायकास्नी नेत्यात म्हनं."

"अगं, हे अक्षरांचं टार्गेट आहे."

"आक्षरांचं बी कापत्यात?"

तिला आणि गावाला समजवायला पंधरा दिवस गेले. त्या महिन्यात आमची टाचणी तांबडी झाली.

मार्चमध्ये पेटी आली. लाकडी, कुलपाची, वर फट आणि पुढे रंगवलेलं : अभिप्राय. सोबत पत्र होतं की प्रत्येक शिकाऊ महिलेनं दरमहा आपला अभिप्राय लिहून पेटीत टाकावा, म्हणजे कामाचा फीडबॅक मिळेल आणि सुधारणा करता येईल. ज्या बायकांना लिहिता येत नाही म्हणून वर्ग काढला, त्यांनी वर्ग कसा आहे ते लिहून कळवायचं. मी ते पत्र तीनदा वाचलं, कुठे थट्टा सापडते का म्हणून. नव्हती. तीन आठवड्यांच्या कोर्सात थट्टा शिकवत नसावेत.

मग मीच चिठ्ठ्या लिहू लागले, त्या सांगतील तशा.

"सुगराबी, काय लिहू?"

"लिवा की शेडात उंदीर लय झाल्यात."

"अगं, वर्गाबद्दल."

"उंदीर वर्गातच हायत न्हवं?"

"मनुबाई, तुझं?"

"लिवा, बाई वरडत्यात लय. पर मनानं चांगल्या हायत."

बनुबाई म्हणाली, "माझं लिवा, बारीक अक्षर शिकवत न्हाईत आजून."

ते खरं होतं. पुस्तकातली ठळक छापील अक्षरं तिला यायला लागली होती, पण हाताचं, गिचमीड, जोडाक्षरांचं वाचणं म्हणजे वेगळं काम. मी तेही लिहिलं. पेटी उघडून साताऱ्यात चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. उत्तर आलं : 'अभिप्राय संख्या समाधानकारक. हस्ताक्षरात साम्य आढळते, खुलासा करावा.'

पूर्ण नाव लिहायचा धडा आला तेव्हा वर्गात मोठा खल झाला होता. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरीलाही माहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं. सुगराबीसुद्धा इलाहीभाईंना 'रसूलचे अब्बा' म्हणायची. मग लिहायचं का नाही? सगळ्या मनुबाईकडे बघू लागल्या. मनुबाईच्या नवऱ्याचं नाव गुंडा, म्हणून ती पाट्यावरच्या दगडालाही कधी गुंडा म्हणत नसे. तिनं मिसरीचं बोट काढलं आणि निकाल दिला.

"हातानं लिव्हायला कायबी न्हाई. हाताला जीभ न्हाई. म्हनायचं न्हाई तेवढं."

झालं. त्या दिवसापासून एकवीसजणी नवऱ्यांची नावं पाटीवर गिरवायच्या, हसायच्या, पदरानं पुसायच्या, पुन्हा गिरवायच्या. लग्न झाल्यापासून ज्या नावाला त्यांनी हात लावला नव्हता, ते त्या रोज वीस वेळा लिहीत. तसा वर्ग मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

जुलैत मूल्यमापन. साहेब स्वतः आले, जीपमधून, सोबत एक कारकून आणि छापील तक्ते. कसोटी एकच, साठही केंद्रांना सारखी. पहिलं, सही. दुसरं, वाचन : कागदावर ज्याचं त्याचं पूर्ण नाव कारकून लिहिणार, ते मोठ्यानं वाचायचं. तिसरं, एक ते वीस आकडे.

"स्वतःचं नाव," साहेब मला कौतुकानं सांगू लागले. "यापेक्षा सोपं काही असू शकतं का? कुणाला तक्रारीला जागाच नाही."

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका केंद्राला वेगळं माप दिलं तर ते माप कसलं, बाई?"

पहिली बनुबाई उठली. सही झोकात केली. कारकुनानं कागद पुढे केला : बनुबाई अर्जुन बाबर. तिनं तो एका नजरेत वाचला, मला दिसलं ते. तोंड उघडलं, "बनुबाई..." आणि थांबली. मग म्हणाली, "...बाबर."

"मधलं?" साहेब म्हणाले.

"मधलं वाचलं मी."

"मोठ्यानं."

"मनात वाचलं."

"मनातलं मला मोजता येत नाही."

मागून मनुबाई म्हणाली, "आवं सायेब, उखाण्यात घ्यू दे का? उखाण्यात चालतंय."

"कसला उखाणा?"

मनुबाई उभीच राहिली. "चिंचंच्या झाडाखाली बिड्यांचा धूर, गुंडारावांचं नाव घिते, सायेब लय दूर!"

सगळ्या हसल्या. इलाहीभाईंनी बाहेर बिडी विझवली. साहेबांनी कारकुनाला सांगितलं, "पाठांतर. वाचन शून्य."

एकेक उठली आणि एकेक शून्य घेऊन बसली. सुगराबी तर कागद बघून लाजली आणि तोच तोंडावर धरून बसली. मग विजयमाला उठली. दहा महिन्यांत ही पोरगी 'क' आणि 'फ' मधला फरक शिकली नव्हती, खिडकीतून बाहेर बघायची. तिनं कागद घेतला. उलटा. आणि शाळेतल्या पोरासारखी खणखणीत ओरडली, "विजयमाला भाऊसो जाधव!" बापाचं नाव घ्यायला कुणाची आडकाठी? साहेब म्हणाले, "शाब्बास." दुसरी पोरगीही तशीच सुटली. तेवीसांत दोघी साक्षर. त्या दोघी कोणत्या, ते आता सांगायला नको.

"साहेब, कागद उलटा होता," मी म्हटलं.

"निकाल बरोबर आला ना?" साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

इथवर झालं असतं तरी मी हसून सोडलं असतं. पण साहेबांचा फीडबॅकवर फार विश्वास. आठ दिवसांनी निकालाची यादी टंकलिखित होऊन आली ती माझ्याकडे नाही, सरळ ग्रामपंचायतीकडे. 'गावास आपल्या प्रगतीची माहिती व्हावी म्हणून फलकावर लावावी.' शिपायानं लावली. नावं, आणि पुढे तीन रकाने. पारावर बसून सगळ्या पुरुषांनी वाचली. कुणाची बायको शून्य, कुणाची सून शून्य, कुणाची आई शून्य.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सहाजणी आल्या, तिसऱ्या दिवशी सुगराबी एकटी, कारण तिचं घरच ते. इलाहीभाई मला म्हणाले, "बाई, मला कायबी वाटत न्हाई. पर लोक मला इचारत्यात, शेडात काय पत्ते खेळत हुती का तुझी बायको."

नानासो बनुबाईला म्हणाला, "वयनी, दहा म्हयनं बसून शून्य आणलंसा. शून्य आणाया शिकाय लागतंय व्हय? उद्यापासनं शेरडं घिऊन जावा माळाला."

मी एस.टी. धरून साताऱ्याला गेले. त्या दिवशी भित्री नव्हते. साहेबांच्या समोर बसले आणि सांगितलं, यादी काढून घ्या आणि माझ्या बायकांना पुस्तकातलं कुठलंही पान द्या, मनुबाईसकट वाचतील.

"पुढची फेरी पुढच्या वर्षी," साहेब म्हणाले. "मध्येच निकाल बदलला तर सगळी सरासरी बदलते. आणि तसंही तुमचं केंद्र बंदच करतोय आपण. नऊ टक्के आहेत, बाई. माणकडचे ते लालासाहेब बघा. शंभर टक्के."

लालासाहेब मास्तर पुढे एकदा भेटले तेव्हा त्यांना विचारलं, कसं काय जमवलं. ते म्हणाले, "पाचवीच्या पोरी बसवल्या लुगडी नेसवून. तुमी लय शिकलेल्या, म्हणून नापास झालासा." त्यांना त्या वर्षी ढाल मिळाली. मला पत्र मिळालं, की फळा, पाट्या आणि पेटी आठ दिवसांत जमा करा.

त्या दिवशी साहेबांसमोरून उठता उठता मी म्हटलं, "साहेब, त्यातल्या एकीला नवऱ्याचं पत्र वाचायचं होतं. तेवढ्यासाठी ती येत होती."

साहेबांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण ते सर्वांना लागू करता येणार नाही."

त्यानंतरच्या रविवारी मी माळावर गेले. बनुबाई बाभळीखाली बसली होती, शेरडं खाली ओघळीत. मला बघून तिनं काहीतरी पदराखाली घेतलं, मग ओळखून बाहेर काढलं. पत्र. तारेवरचं काढून आणलेलं. कडेला भोक पडलेलं.

"चार दिस झालं बाई. एका अंगाचं झालंय."

"वाच बघू."

"तुमास्नी न्हाई वाचणार. अडलेलं तेवढं सांगा." आणि तिनं डावा तळहात पत्रावर पसरला, उजवा त्याच्याखाली, मधे एका शब्दाएवढी फट. त्या फटीतून मी वाचलं : 'स्वतंत्र'.

"स्व-तं-त्र."

"स्वतंत्र," ती म्हणाली, हात सरकवला. मनात वाचत गेली, ओठ हलत होते. पुन्हा फट. 'स्टेशन'. पुन्हा बराच वेळ काही नाही. एक शेरडू कुणाच्या तरी मटकीत शिरलं, मी उठून हाकललं, परत आले तर ती तशीच. मग फट. 'निश्चित'. मी सांगितलं. तिनं तो शब्द तीनदा म्हटला.

असे चार रविवार गेले. तेवढ्यात तारेवरचं आणखी एक जुनं पत्र आलं, आणि एक नवं तारेला लागलं, तेही आलं. मला मिळाले ते सुटे शब्द, पत्र तिचं तिलाच. शेवटच्या रविवारी तिनं पत्र घडी करून चोळीत ठेवलं आणि स्वतः होऊन सांगितलं.

"तेनी स्वतंत्र खोली घेतलीया. वर्स झालं. पोराला घिऊन ये म्हंत्यात. तीनदा लिव्हलंय. आता लिव्हलंय की तुझ्या मनात नसंल तर निश्चित कळीव, पुन्यांदा इचारणार न्हाई."

"आणि नानासोनं एकदाही..."

"भावजींचं तरी काय," ती म्हणाली. "जाऊबाई आजारी. मी गेल्यावर भांगलण कोण करंल, शेरडं कोण बघंल? पर सांगायला पायजे हुतं. न्हाई म्हनायचं तर मी म्हनलं असतं. मला इचारल्यालं मलाच कळू ने?"

तिनं माझ्याकडून कार्ड मागून घेतलं आणि तिथेच गुडघ्यावर लिहिलं. मला दाखवलं नाही. पत्त्याची बाजू वर करून दिली, तो इंग्रजीत घालायचा होता म्हणून. कोइमतूरच्या पोस्टमनला आपली अक्षरं कुठली कळायला. मी पत्ता घातला. पलटून बघायचा मोह झाला, बघितलं नाही.

अर्जुन गणपती उठल्यावर आला. वीस दिवस राहिला. घरात काय बोलणं झालं ते मनुबाईनं भिंतीला कान लावून ऐकलं, पण तिच्या सांगण्यात तिची भर किती ते कळायला मार्ग नाही. एवढं खरं, की नानासोनं पत्रात तसं काही नव्हतंच म्हटलं, आणि बनुबाईनं तारेवरची तिन्ही पत्रं काढून सासूपुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. म्हातारी ऐकून म्हणाली म्हणे, "माझ्यासाठी बी लिव्हलंय की रं त्यात. त्ये बी वाचत न्हवतास?"

बनुबाई पोराला घेऊन गेली. विट्याच्या स्टँडवर मी पोचवायला गेले होते.

दोन दिवसांनी नानासो माझ्या दारात आला. मळ्याकडून आलेला, पायांना चिखल. ओसरीखालीच उभा राहिला.

"बाई, वर्ग बंद झाला न्हवं कायमचा?"

"झाला."

"बरं झालं. अजून दोन म्हयनं चालला असता तर गावात बाई ऱ्हायली नसती."

मी त्याला बस म्हटलं नाही. तो पायांचा चिखल पायरीच्या दगडाला घासत राहिला आणि मग म्हणाला, "आजारी हाय ओ ती माझी. सकाळधरनं मी आन म्हातारीच हाय रानात."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि आत गेले.